एकोणिसावा फेरा

मी तीस वर्षं लेहरा वाजवला. लेहरा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कथ्थक करणारी पोरगी मधोमध नाचत असते, तबलेवाला तिच्याशी झुंजत असतो, लोक त्या दोघांकडे बघत असतात. आणि बाजूला एक माणूस पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसलेला असतो. तासभर तीच ओळ. ताल कुठून सुरू झाला, सम कधी येणार, हे नाचणारीला त्या ओळीवरून कळतं. त्या माणसाकडे कोणी बघत नाही. तो माणूस मी. दिवसभर ऑफिसात फायली आणि संध्याकाळी साडेपाचपासून क्लासमध्ये लेहरा, असं माझं आयुष्य गेलं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

या कामात एक गोष्ट असते जी कोणी शिकवत नाही. नाचणारी पोट्टी दमली की ते आधी तिच्या मानेवरून कळतं. खांदे वर चढतात, हनुवटी पुढे येते. पायाला अजून पत्ता नसतो, पण पेटीवाल्याला समजतं की ही आता समेपर्यंत पोचत नाही. तेव्हा हात किंचित सैल सोडायचा. इतका किंचित, की तबलेवाल्यालाही वाटावं आपणच हळू झालो. पोट्टीला अर्धा श्वास मिळतो, ती समेवर नीट येते, टाळ्या पडतात, तिला वाटतं निभावलं बाप्पा आपण. आपण काही बोलायचं नाही, भाता हलवत राहायचं. मी अशा किती पोरी तारल्या असतील देव जाणे. त्याचा मला आतून भल्ला गर्व होता. तो आता उतरला आहे, म्हणून हे लिहून राहिलो.

माझी मुलगी त्याच क्लासमध्ये वाढली. सहा वर्षांची असल्यापासून घुंगरू बांधून उभी राहायची आणि दमली की माझ्या पेटीला पाठ टेकून बसायची. स्टेजवर तिच्यासाठी मी इतर पोरींपेक्षा हात थोडा जास्तच सैल सोडत असेन. बाप होतो, दुसरं काय. पण अठराव्या वर्षी तिने घुंगरू डब्यात ठेवले आणि म्हणाली, "बाबा, मले बॅले शिकायचा आहे."

तिची आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "हे काय नवीन काढलं वं? तो तर गोऱ्या लोकांचा नाच. तिकडच्या पोट्ट्या दुधाचे दात पडायच्या आधी सुरू करतात म्हणे." हे मात्र खरं होतं. अठराव्या वर्षी बॅले सुरू करणं म्हणजे हाडं पक्की झाल्यावर त्यांना वाकायला सांगणं. पण पोरगी आईवर गेलेली. बेंगळुरूला गेली, सात वर्षं राहिली, शिकली, एका मंडळात नाचली, आणि शेवटी गुडघा घेऊन परत आली.

उजवा गुडघा. आत एक गादी असते, ती फाटली होती. इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून आम्हा तिघांना समजावलं. शिकवा म्हणाले, नाच बसवा म्हणाले, पण स्वतः त्या पायावर जोर देऊन नाचू नका. आता अर्धीच फाटली आहे. पूर्ण फाटली तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर नाच विसरायचा. बाहेर आल्यावर ती रिक्षात म्हणाली, "अर्धी शाबूत आहे म्हणजे." तिच्या आईने तोंड फिरवून घेतलं.

तिने आमच्याच शहरात, सदर भागात, एका पडद्यांच्या दुकानावर, दुसऱ्या माळ्यावर हॉल घेतला. खाली प्लायवुड टाकलं, वर रबरी चटई, भिंतीला आरसे आणि धरायला लोखंडी पाइप. पहिल्या महिन्यात ज्या आया यायच्या त्या विचारायच्या, मॅडम, यात फिल्मी डान्स पण घेता का. ती नाही म्हणायची, त्या निघून जायच्या. तरी हळूहळू पंधरा-वीस पोरी जमल्या. त्यांतल्या चार मोठ्या होत्या, कॉलेजातल्या, आणि त्या चौघींवर तिचा जीव होता.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. काटोलहून माझ्या भावाने बागेतली संत्री पाठवली होती आणि मुलगी दिवाणावर बसून ती सोलत होती. तिने फोन माझ्याकडे सरकवला. "ऐका."

कुठलंसं परदेशी संगीत होतं. वर व्हायोलिन काहीबाही करत होतं. "वरचं सोडा, बाबा," ती म्हणाली. "खालची ओळ ऐका."

खाली चार सूर उतरत होते. वरचा सा, कोमल नी, कोमल ध, प. पुन्हा सा, नी, ध, प. एकेका सुराला तीन मात्रा, म्हणजे बारा मात्रांचा फेरा. आसावरीच्या घरातले सूर आणि एकतालाच्या मात्रा. मी मांडीवर बोटं आपटून दोन फेरे मोजले आणि म्हणालो, "हा तर लेहरा आहे."

"हव," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्हाले ऐकवून राहिली. तीनेकशे वर्षांपूर्वीचं आहे. त्या काळच्या संगीताले बरोक म्हणतात. खाली एकच ओळ फिरत राहते आणि वर ज्याले जे करायचं ते तो करतो."

मला मजा वाटली. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी तिकडेही कोणी एक माणूस एका बाजूला बसून एकच ओळ वाजवत होता आणि त्याच्याकडेही कोणी बघत नव्हतं.

तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. या संगीतावर ती नवा नाच बसवणार. पाय बॅलेचे, पण घाट आजचा, तिचा स्वतःचा. चार मोठ्या पोरी आणि ती. रेकॉर्ड लावायची नाही, कारण प्रत्येक रेकॉर्डची चाल वेगळी आणि तिला एक ठरलेली चाल पाहिजे. सदरमध्येच एक म्हातारे सर होते, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. ते वरचं वाजवणार. आणि खालचे चार सूर मी. पेटी म्हणजे काय, लहानसा ऑर्गनच, ती म्हणाली.

"एकदाच, बाबा. एकदा मी करते. मंग पोट्ट्या करतील, मी बाजूले बसते." आईकडे न बघता ती हे बोलली. "आणि तुम्ही फक्त एक सांभाळा. लय वाढवायची नाही. पहिला फेरा ज्या लयीत, बत्तिसावाही त्याच लयीत. माझ्या गुडघ्याची लय आहे ती."

मी हसलो. तीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला पोट्टी लय शिकवून राहिली होती.

पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. बाराव्या फेऱ्याला सरांनी व्हायोलिनचा गज खाली घेतला आणि नम्रपणे म्हणाले, "भाईसाब, बेस भाग रहा है." खालची ओळ, म्हणजे मी, पळून राहिलो हे मला पटेना. मग तिने फोनवर टिकटिक लावली, मिनिटाला बहात्तर, आणि मी बघतो तर खरंच, सातव्या-आठव्या फेऱ्यानंतर मी टिकटिकच्या पुढे निघून जायचो. आमच्याकडे लय चढतेच. विलंबितात सुरू करायचं, द्रुतात संपवायचं. लहानपणी गावी भजनात पेटी धरली तेव्हापासून हेच. एका जागी उभी राहणारी लय माझ्या हाताला माहीतच नव्हती. सहासष्टाव्या वर्षी मी ती शिकायला बसलो.

रोज सकाळी पूजा झाली की टिकटिक लावायची आणि बत्तीस फेरे. सा, नी, ध, प. पंधरा दिवसांनी बायको म्हणाली, "या चार सुरांनी माझं डोक्सं पिकवलं. पाचवा सूर नाही का हो त्यायच्याकडे?" पण महिनाभरात हात बसला. मी फोन बंद करून बत्तीस फेरे वाजवायचो, मुलगी हातात घड्याळ धरून बसायची, आणि शेवटी मान डोलवायची.

नाच कसा होता तेही सांगितलं पाहिजे. मला बॅलेतलं कळत नाही, दिसलं ते सांगतो. चार पोरी तिरप्या ओळीत चालायच्या. एका सुराला एक पाऊल, मग शरीराचा झोक, मग थांबणं. माझे चार सूर त्या चौघी पायांनी वाजवायच्या. त्यांच्यामधून माझी मुलगी फिरायची, व्हायोलिनबरोबर, चवड्यांवर. एखादी पोरगी ओळ सोडून तिच्याबरोबर दोन गिरक्या घ्यायची आणि पुन्हा ओळीत जाऊन चालायला लागायची.

मला राग यायचा तो समेचा. फेरा संपून वरचा सा आला की आमच्याकडे पाय आपटून उभं राहायचं असतं. ही नेमकी तेव्हा हवेत असायची, नाहीतर अर्ध्या गिरकीत. आणि वजन पहिल्या मात्रेवर द्यायचं सोडून दुसऱ्यावर. एकदा न राहवून मी म्हणालो, "अगं, समेवर ये ना."

"सम आहे, बाबा. मी तिच्यावर उभी राहत नाही, तिच्यावरून जाते."

मी मनात म्हटलं, फोकनाड गोष्टी आहेत सगळ्या. पण एका संध्याकाळी, काय झालं कोण जाणे, मला ते दिसलं. चौघी खाली चालत होत्या, कशाचीही घाई नसल्यासारख्या, आणि माझी पोरगी त्यांच्यावरून, सुराच्या थोडी मागून, अलगद येत होती. तिचा दुखरा गुडघा त्यात कुठेच दिसत नव्हता. माझे डोळे भरून आले आणि लय वाढली. सरांनी गज खाली घेतला. मी माफी मागितली.

त्याच दिवसांतलं आणखी एक आठवतं. मी लवकर पोचलो होतो आणि ती लहान पोरींचा क्लास घेत होती. आठ-आठ वर्षांच्या पोरी एका पायावर उभ्या राहून दुसरा पाय मागे उचलत होत्या. भराभर उचलला की सगळ्यांना जमायचं. मग तिने तेच आठ आकड्यांत करायला लावलं, तर निम्म्या पोरी लटपटून पाइप धरायला धावल्या. ती माझ्याकडे बघून हसली. "हळूचंच कठीण असते, बाबा. जलदीत तर कोणीही करते." मी मान हलवली. हे वाक्य मी ऐकलं होतं, माझ्या या कानांनी ऐकलं होतं. पण ते त्या पोरींसाठी आहे असं मला वाटलं. कथ्थकमध्ये पाय मोडतात ते द्रुतात, विलंबितात काय, माणूस आरामात असतो. इतकी वर्षं डोक्यात हेच होतं आणि तिथे दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

एकोणिसावा फेरा तिने शेवटी बसवला. तोपर्यंत सगळं डाव्या पायावर होतं, मी लक्ष ठेवून होतो. मग एक दिवस ती म्हणाली की एकोणिसाव्याला व्हायोलिन थांबेल, चौघी जागच्या जागी थांबतील, फक्त पेटी चालेल. त्या एका फेऱ्यात ती एकटी, उजव्या पायावर. डावा पाय मागे उचलायचा, त्याच स्थितीत स्वतःभोवती सावकाश पूर्ण फिरायचं, आणि प संपता संपता उजव्या पायानेच जोर मारून झेप घ्यायची.

तिची आई त्या दिवशी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "उजव्यावर काहून? देवानं डावा दिला ना चांगला."

"उडी डाव्यावर उतरते, आई. उतरताना जास्त मार बसते. म्हणून उडायचं उजव्यावरून. दहा सेकंदच आहे."

"डॉक्टर काय बोलले विसरली तू?"

"दहा सेकंद, आई. सगळं मोजलं आहे मी."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तुम्ही तरी बोला, असं ते बघणं होतं. मी काय बोलणार होतो? मला नाच बघायचा होता. आणि बोललो असतो तरी तिने ऐकलं नसतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण आज मला पहिलीच टोचते.

कार्यक्रम रविवारी होता, संध्याकाळी पाचला, एका लहानशा सभागृहात. पोरींचे आईबाप, मावश्या, दोन-चार कथ्थकवाले जुने ओळखीचे. मी आणि सर स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात. टिकटिक नव्हती, पण आता मला तिची गरज नव्हती. पहिला सा लावला आणि चौघी चालायला लागल्या. मी सांगतो, ते अठरा फेरे मी आयुष्यात वाजवलेले सगळ्यांत चांगले अठरा फेरे होते. एक केसभर पुढे नाही, एक केसभर मागे नाही. सरांनी एकदा माझ्याकडे बघून भुवई उचलली, शाबास म्हणाल्यासारखी.

एकोणिसावा आला. व्हायोलिन थांबलं. चौघी थांबल्या. एवढ्या मोठ्या शांततेत फक्त माझी पेटी, आणि ती उजव्या पायावर.

सा च्या दुसऱ्या मात्रेला मी तिची मान बघितली. खांदे वर चढले होते. हनुवटी पुढे आली होती.

मी काही ठरवलं नाही. हे स्वतःला वाचवायला सांगत नाही, झालं ते सांगतो. माझा हात सैल झाला. तीस वर्षं होत आला तसाच झाला. नी थोडा लांबला. ती माझ्या सुरावर फिरत होती, सूर लांबला तशी तीही थांबत थांबत फिरली. मग तिचा गुडघा थरथरताना दिसला आणि मी आणखी हळू झालो. धीर दिला तिला, असं वाटलं मला. ध आणखी लांबला. थरथर वाढली, मी आणखी हळू झालो. प लावला. तिने जोर मारला आणि ती वर गेलीच नाही. तिथल्या तिथे उजव्या अंगावर पडली.

लेहरा थांबवायचा नसतो. घुंगरू तुटो, दिवे जावोत, नाचणारी चुको, लेहरा चालू राहिला पाहिजे म्हणजे तिला परत येता येतं. ते इतकं अंगात मुरलं होतं की माझ्या हातांनी विसावा फेरा सुरू केला. आणि विसाव्याला चालायला लागायचं हे चौघींना शिकवलेलं, म्हणून त्या चालायला लागल्या. माझी पोरगी जमिनीवर पडलेली, गुडघा दोन्ही हातांनी धरलेला, आणि तिच्या बाजूने चार पोरी एका सुराला एक पाऊल टाकत, रडवेल्या तोंडाने चालताहेत. मी वाजवतोय. मला थांबता येत नव्हतं. शेवटी सरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

दवाखान्यात नेताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "तुम्ही एकदम बरोबर वाजवलं, बाबा. मीच चुकली." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. मला तेव्हा काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, हात थोडा आधीच सैल करायला हवा होता. सा लाच केला असता तर पोरगी वाचली असती. इतका भैताड मी.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, जिना चढेल, क्लास घेईल. नाचाचं त्यांनी काही काढलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. 

चार-पाच दिवसांनी सर घरी येऊन तिला भेटून गेले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. ते चपलेकडे बघत म्हणाले, "भाईसाब, उन्नीसवें में आप ठहर गए थे."

"हव," मी म्हणालो. "उसको साँस मिले, इसलिए."

त्यांनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, "मैंने किसी से कहा नहीं है." आणि गेले. यात कोणाला सांगण्यासारखं काय आहे, मला कळेना. पण त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुपारी घरात सगळे झोपले होते तेव्हा मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, फोनवर बहात्तरची टिकटिक लावली, कपाटाला बोट टेकवून एका पायावर उभा राहिलो. माझा पाय काय, म्हाताऱ्याचा पाय. पण दहा सेकंद कसाबसा उभा राहिलो. मग टिकटिक बंद करून मनातल्या मनात त्या दिवशीचा फेरा म्हटला, जसा वाजवला होता तसा, लांबलेला नी, लांबलेला ध. ध लाच माझी पोटरी थडथडायला लागली. प येईपर्यंत मी खाटेवर बसलो होतो.

खाटेवर बसल्या बसल्या तिचं वाक्य आठवलं. हळूचंच कठीण असते, बाबा. ती लय तिने का ठरवली होती, माझ्या गुडघ्याची लय का म्हणाली होती, सगळं एकदम कळलं. मी जलद होईन याची तिला भीती होती, आणि मीही महिनोन्‌महिने त्याच भीतीने मेहनत केली. हळू होईन असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि मी तिला तारायला गेलो.

त्यानंतर माझं जगणं अवघड झालं. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगतो. तिच्यासाठी चहा घेऊन जायचं, उशी नीट करायची, आणि परत यायचं. सांगून तरी काय होणार होतं? गादी काही शिवली जाणार नव्हती. न सांगितलं तर आयुष्यभर ती मीच चुकली म्हणत बसणार. बायकोला सांगून बघावं, तर ती डॉक्टरांवर, नशिबावर, बॅलेवर, सगळ्यांवर चिडलेली, तिच्या हातात आणखी एक नाव कुठे देऊ? पेटीला मी हात लावत नव्हतो. तिच्यावर चादर घातली होती.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती दिवाणावर पाय लांब करून बसली होती. पायाला मांडीपासून खाली पट्टा. हातात फोन. कार्यक्रमाचं चित्रण कोणा पोरीच्या वडिलांनी केलं होतं, ते ती बघत होती. "बसा, बाबा," ती म्हणाली.

मी बसलो. तिने आईच्या फोनवर टिकटिक लावली आणि स्वतःच्या फोनवरचं चित्रण अठराव्या फेऱ्यापासून सुरू केलं. टिकटिक आणि पेटी एकत्र चालली होती, एकीचा आवाज दुसरीत मिसळलेला. एकोणिसावा लागला. सा बरोबर होता. नी ला टिकटिक पुढे निघाली आणि पेटी मागे राहिली. मग ती आणखी मागे राहिली. कोणत्याही माणसाला ऐकू यावं इतकं स्पष्ट होतं. तिने पडेपर्यंत चालू ठेवलं आणि मग दोन्ही फोन बंद केले.

"दहाचे तेरा सेकंद झाले," ती म्हणाली.

"हव." मी कबूल केलं.  "मला वाटलं तुझा दम सुटला. तुझी मान बघितली मी. मला वाटलं..."

"माहीत आहे मले काय वाटलं ते. लहानपणी स्टेजवर माझा दम सुटला की तुम्ही हात सैल सोडत होते."

 तीस वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. "तुला कळत होतं?"

"पहिल्यापासून. दुसऱ्या पोट्ट्यायले नव्हतं समजत. मले समजत होतं."

"मग कधी बोलली काहून नाहीस?"

"आवडत होतं मले," ती म्हणाली.

चहावर साय धरली होती. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची मला लाज वाटत होती, कारण पाय तिचा गेला होता. मी म्हणालो, "म्हणजे त्या दिवशीही तुला कळलं असेल. वाजवत असतानाच."

"नी लाच समजलं. दवाखान्यात जाताना बोलली ते तुमच्यासाठी."

"अगं, मग मला सोडून द्यायचं होतं. पेटी मागे राहिली तर राहू द्यायची होती. तू तुझ्या लयीत पुढे निघून जायचं, उडी मारायची, मोकळं व्हायचं. सर म्हणाले असते पेटीवाला चुकला. लोक हसले असते मला. काय बिघडलं असतं?"

ती पायाच्या पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवत बसली. हे तिने आधीच स्वतःला विचारलेलं असावं, कारण उत्तर शोधायला तिला वेळ लागला नाही.

"लेहरा सोडून नाचायचं तुम्ही मले शिकवलंच कुठं, बाबा," ती म्हणाली, आणि कप माझ्या हातातून घेऊन तो गार चहा तसाच पिऊ लागली.